सेकंडहँड गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गरम होते, हायवेला नाही. हेड गॅस्केटच असेल का?

कासारवडवलीकर
मंडळी नमस्कार, जरा मदत हवीये. मार्चमध्ये नवी मुंबईतल्या एका यार्डातून २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, मीटरला ७१ हजार (खरे किती ते देव जाणे). आता पावसाळा सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी तोच तमाशा, माजिवड्यापर्यंत गाडी मस्त येते, मग मानपाडा पाटलीपाडा पट्ट्यात रांगायला लागली की टेंपरेचरचा काटा हळूहळू पाऊणपर्यंत चढतो. दोनदा घाबरून एसी बंद करून बाजूला घेतली. पण लोणावळ्याला गेलो तेव्हा घाटात सुद्धा काही नाही! शिवाय कूलंटच्या बाटलीतलं पाणी आठवड्याला बोटभर कमी होतं, खाली जमिनीवर थेंब दिसत नाही.
जवळच्या मेकॅनिकने ऑइल भरायचं झाकण उघडून आत साय जमलेली दाखवली, म्हणाला गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, पाणी ऑइलमध्ये जातंय, हेड उतरवून फेसिंग (घासून सपाट) करावं लागेल, २२ हजार. दुसरा म्हणतो रेडिएटर बदला. मायलेज पण ११ च्या वर जात नाही, यार्डवाला १७ सांगत होता, पण ते ट्रॅफिकमुळे असेल. काय करू?

डोंबिवली_फास्ट
यार्डवाला १७ म्हणाला आणि तुम्ही ऐकलंत? 😄 विका आणि लोकलचा पास काढा.

तुर्भे_पाना
दादा थांबा, हेड अजिबात उघडू नका. मी वीस वर्षं हेच काम करतोय, गाडी बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही पण तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. गाडी *कधी* गरम होते ते आधी बघायचं. पळताना समोरून वारा लागतो, तेव्हा पंख्याची गरज नसते. उभी राहिली की सगळा भार पंख्यावर. म्हणजे घाटात थंड आणि सिग्नलला गरम असेल तर पहिला संशय पंख्यावर, आणि उलटं असेल, म्हणजे ट्रॅफिकला ठीक पण घाटात किंवा शंभरच्या स्पीडला चढत असेल तर मग रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट (पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह) अर्धवट उघडतोय, वॉटर पंप असं बघायचं. गॅस्केट गेलेली गाडी खंडाळ्याच्या चढाला बहुतेक रडली असती.
आता मला एवढं सांगा. ट्रॅफिकमध्ये उभं असताना एसी गार हवा मारतो की कोमट होतो? बॉनेट उघडून, इंजिन चालू, एसी लावा, रेडिएटरचा पंखा फिरतो का? सकाळी निघाल्यावर काटा मधोमध यायला किती वेळ लागतो? आणि रात्रभर उभ्या थंड गाडीला स्टार्टर मारा आणि रेडिएटरचा वरचा जाड होस पाईप दाबून बघा, मिनिटभरात दगडासारखा कडक झाला किंवा बाटलीत सारखे बुडबुडे यायला लागले तरच गॅस्केटची भीती. गरम असताना रेडिएटरच्या टोपणाला हात लावायचा नाही हं, आमच्याकडे एक पोरगा छाती भाजून घेऊन बसला होता.

कासारवडवलीकर
दादा आज सकाळी सगळं केलं. पाईप मऊच, बुडबुडे नाहीत. एसी लावला तर पंखा ढिम्म हलत नाही!! दहा मिनिटं तशीच चालू ठेवली, काटा पाऊणवर गेला आणि मग एकदम विमानासारखा आवाज करत सुरू झाला. सिग्नलला एसी कोमट होतो हे खरंय, मला वाटलं गॅस कमी असेल. आणि काट्याचं म्हणाल तर सकाळी ऑफिसला जाताना ऐरोली पुलापर्यंत तो पावच्या वर जातच नाही, मी खूश होतो की बघा किती थंड राहते.

तुर्भे_पाना
हा हा, त्यात खूश होण्यासारखं काही नाही.
पंखा मोठ्या स्पीडला फिरतो म्हणजे मोटर जिवंत आहे. छोटा स्पीड मेलाय, पंख्याच्या चौकटीवर एक रेझिस्टर असतो तो जळला असेल, नाहीतर रिले किंवा फ्यूज. एसी कोमट होतो त्याचं पण कारण तेच, कंडेन्सर (एसीची जाळी) रेडिएटरच्या पुढेच बसतो आणि त्याला हवा हाच पंखा देतो.
पण काटा पाववरच राहतो याचा अर्थ माझ्या मते आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून फेकलाय. आपल्याकडे ही जुनी खोड आहे, गाडी गरम होते का, काढा वॉल्व्ह. पंखा तसाच राहिला, वरून इंजिन नीट तापायचंच बंद झालं. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ डिग्रीच्या आसपास उघडतो, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे सोडत नाही. तो नसला की चालत्या गाडीत पाणी साठ-पासष्टवरच रेंगाळतं, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त ओततो. तुमचं ११ चं मायलेज बघा. आणि थंड इंजिन, पावसाळी दमट हवा, यात ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, झाकणाखाली साय धरते. तीच दाखवून २२ हजार मागितले. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा, तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर ती साय नुसती वाफेची.

खारघर_सेक्टर१२
एवढं कशाला, पंखा डायरेक्ट करून घ्या इग्निशनवर, चावी फिरवली की पंखा चालू. माझा चार वर्षं तसाच आहे, टेन्शन नाही.

तुर्भे_पाना
चालतो हो, पण मोटर दिवसभर फिरून लवकर जाते आणि वायर नीट जाडीची नसेल तर कनेक्टर वितळतो. थर्मोस्टॅट काढला तसाच हा पण जुगाड, पुढच्या मालकाला कोडं.

नेरूळची_मनी
पाणी कमी होतंय त्याचं राहिलंच की. माझ्या गाडीला रेडिएटरच्या टोपणाचं रबर कडक झालं होतं. टोपणावर ०.९ किंवा १.१ असं छापलेलं असतं, तो दाब. दाब टिकला तर पाणी १२० च्या आसपास उकळतं, टोपण ढिलं असलं की आधीच उकळून वाफेने जातं, जमिनीवर थेंबसुद्धा दिसत नाही. पुढच्या सीटखालचं मॅट पण ओलं आहे का बघा, हीटर कॉइल गळत असेल तर तिथे येतं. आणि बाटलीत सोसायटीच्या बोअरचं पाणी टाकत असाल तर प्लीज नको, क्षार धरतात.

कासारवडवलीकर
अपडेट देतो, दहा दिवस झाले. डिपस्टिक स्वच्छ होती. थर्मोस्टॅटची हाउसिंग उघडली तर आत खरंच मोकळी!! नुसतं रबर पॅकिंग आणि वर सिलिकॉन फासलेलं. पाणी गंजून विटकरी झालेलं, ते फ्लश केलं. नवा थर्मोस्टॅट, पंख्याचा रेझिस्टर, १.१ चं टोपण (जुन्याचं रबर चिरलेलं, मनीताई थँक्स), कूलंट आणि मजुरी धरून ४,३०० गेले. काल गुरुवारी पाऊस, गायमुखला कंटेनर आडवा, दीड तास अडकलो, एसी चालू, काटा मधोमध, आणि पंखा आपला शांतपणे चालू-बंद. बाटलीतली लेव्हल जिथल्या तिथे. मायलेज अजून मोजलं नाही, टाकी फुल करून सांगतो.
एक शंका, आधी हिरवं कूलंट होतं, आता लाल भरलंय, चालेल ना?

तुर्भे_पाना
पूर्ण फ्लश केलंय ना, मग चालेल. दोन्ही एकत्र करायचं नाही एवढंच, आणि कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. एअर लॉक (आत अडकलेली हवा) राहिला असेल तर दोन-तीन दिवसांनी लेव्हल थोडी खाली जाईल, सकाळी थंड असताना भरा, घाबरून परत त्या सायवाल्याकडे जाऊ नका.

डोंबिवली_फास्ट
म्हणजे पास कॅन्सल?