हरदित सिंग मलिक: कौतुक नक्की कशाचं?

रानवारा: पहिल्या महायुद्धातले शीख वैमानिक म्हणून यांचे फोटो पुन्हा फिरताहेत. मला खटकतं. रावळपिंडीचं सधन घर, चौदाव्या वर्षी विलायत, ऑक्सफर्ड, ससेक्सकडून क्रिकेट, मग साहेबाच्या युद्धात विमान. १९१९ ला जालियनवाला झालं, आणि त्यानंतर हे गृहस्थ आयसीएसमध्ये, म्हणजे साहेबाच्याच सनदी सेवेत! पुढे पतियाळाच्या महाराजांचे पंतप्रधान. यात देशासाठी काय?

तिरकस तात्या: चिंतामणराव देशमुखही आयसीएसच होते की. आणि विमान मलिकांना कुणी ताटात वाढलं नव्हतं. ब्रिटिशांनी नाकारलं, तेव्हा गडी फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवायला गेला. पुढे फ्रेंच वायुदलात शिरायची तयारी केली, तेव्हा कुठे ऑक्सफर्डच्या गुरुजींनी ब्रिटिश जनरलला चिठ्ठी लिहिली: फ्रेंचांना चालतो, मग तुम्हाला का नको? एप्रिल १९१७ मध्ये कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं. पगडी उतरवली नाही, पगडीवर बसेल एवढं दांडगं हेल्मेट करून घेतलं.

रानवारा: म्हणजे वशिलाच ना!

माळीणबाई: वशिला दारापर्यंत. २६ ऑक्टोबर १९१७ ला त्यांच्या सॉपविथ कॅमल विमानाला चारशेवर भोकं पडली आणि पायात गोळ्या घुसल्या, तिथे चिठ्ठी कामाला आली नसती. त्या गोळ्या पायात घेऊनच माणूस पुढे गोल्फ खेळला. आणि साहेबाचं युद्ध म्हणता, तर लोकमान्यांचंही १९१८ ला हेच म्हणणं होतं की भरती करा, पण आमच्या पोरांना अधिकारी करा. मलिक तर त्याआधीच अधिकारी झाले होते.

रानवारा: टिळकांनी अट घातली होती. मलिकांनी कसली घातली?

तिरकस तात्या: पगडीची :)

कोकणकडा: तुम्ही सगळे १९१७ मध्येच अडकलात. १९४७ ला हे कॅनडातले आपले पहिले उच्चायुक्त झाले. ज्या देशानं १९१४ मध्ये आपल्या लोकांनी भरलेली कोमागाता मारू बोट व्हँकुव्हरहून परत पाठवली, तिथे पगडीवाला सरकारी पाहुणा! मग १९४९ ते ५६ पॅरिसला राजदूत. फ्रेंचांच्या ताब्यातली पाँडिचेरी १ नोव्हेंबर १९५४ ला गोळी न झाडता हाती आली. आम्हा गोव्याकडच्यांना १९६१ पर्यंत थांबावं लागलं, तेही सैन्य घुसवून.

रानवारा: त्याला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार कारण. पॅरिसमध्ये कुणीही बसलं असतं तरी चाललं असतं. मे १९५४ ला व्हिएतनाममध्ये त्यांचं दिएन बिएन फू हे ठाणं पडलं आणि फ्रेंचांची हौस फिटली.

कोकणकडा: हौस फिटलेल्याकडूनही सह्या घ्याव्या लागतात हो. तलाठ्याकडे एकदा सातबाऱ्याला जाऊन बघा.

रानवारा: बरं, राजदूत म्हणून मान्य. पतियाळाचं मात्र कुणीच बोललं नाही.