शब्दचर्चा: ‘ओळख’, ‘तोंडओळख’ आणि प्रार्थना

मूळ प्रश्न

बायबलमध्ये, योहान 17:3 मध्ये, येशू स्वतः प्रार्थना करतो आहे. सार्वकालिक जीवन म्हणजे काय, तर एकाच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला लोकांनी ‘ओळखावे’, असं तो पित्याला म्हणतो. लहानपणापासून पाठ असलेलं वचन, पण ‘ओळखावे’पाशी मी परवा पहिल्यांदा अडले.

‘माहीत असणे’ आणि ‘ओळखणे’ यांत मराठी माणूस कधी गल्लत करत नाही. मुख्यमंत्र्यांविषयी मला पुष्कळ माहीत आहे, पण माझी त्यांची ओळख नाही. शेजारच्या काकू किती शिकल्यात ते मला ठाऊक नाही, पण जिन्यात पाऊल वाजलं की त्याच आल्या हे मी घरात बसून ओळखते.

शिवाय ‘ओळख लावणे’ हाही प्रयोग आहेच. साहेबांशी ओळख काढायची आणि अडलेलं काम करून घ्यायचं. वडील दवाखान्यात होते तेव्हा माझी प्रार्थना अगदी तशी होती. वॉर्ड, खाट, ऑपरेशनची तारीख, सगळं मी देवाला सांगत असे, जणू अर्ज अपुरा राहिला तर परत येईल. मत्तय 6:8 सांगतं की मागण्यापूर्वीच आपली गरज पित्याला माहीत असते. हे मला पाठ होतं, तरी यादी सुटत नव्हती. देवाशी माझी ओळख होती की तोंडओळख? आणि ओळख वाढली की प्रार्थनेची भाषा बदलते, असा कुणाचा अनुभव आहे का?

प्रतिसाद 1

मुळातले शब्द पाहिले तर मराठी ‘ओळख’ किती नेमकी बसते ते दिसेल. जुन्या करारात ‘यादा’ हे हिब्रू क्रियापद येतं. पतीपत्नीच्या जवळिकीलाही तोच शब्द आणि स्तोत्र 139 मध्ये देव माझं बसणं-उठणं जाणतो तिथेही तोच. तुम्ही दिलेल्या वचनात ग्रीक ‘गिनोस्को’ आहे आणि त्याचं रूप चालू क्रियेचं आहे, म्हणजे ‘ओळखत राहावे’. एकदा ओळख झाली आणि संपलं, असं तिथे नाही.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली प्रेषित पौलाची प्रार्थनाही वाचा. स्वतः बंदिवासात असताना तो मंडळीसाठी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजासाठी, काय मागतो? त्यांना देवाची ओळख पटावी, अंतःचक्षू प्रकाशित व्हावेत. सुटका, पैसा, प्रकृती यांचा त्या प्रार्थनेत उल्लेखही नाही.

एक भर. गलतीकरांस पत्रात (4:9) पौल ‘तुम्ही देवाला ओळखता’ असं लिहितो आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करतो: खरं तर देवाने तुम्हाला ओळखलं आहे. मला प्रार्थनेला बसवतं ते हे वाक्य. सुरुवात माझ्याकडून व्हायची असती तर मी कितीदा बसलो असतो कोण जाणे.

प्रतिसाद 2

मत्तय 7:23 विसरू नका. ‘प्रभू, प्रभू’ म्हणत येशूच्या नावाने अद्भुते करणाऱ्यांना तो सांगतो, माझी तुमची कधी ओळखच नव्हती. हे वाचलं की मला अजून धस्स होतं.

प्रतिसाद 3

मी सर्वनामाबद्दल लिहिते. आमच्या घरी आईला ‘अगं आई, तू’ आणि वडिलांना ‘अहो बाबा, तुम्ही’. पण येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव’! बापाला ‘तू’. मराठीत हा ‘तू’ आपण आईला आणि देवाला राखून ठेवलेला. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांनीही ख्रिस्ताला माउलीच म्हटलं. ‘अब्बा, बापा’ हे रोमकरांस पत्रातलं संबोधन मला त्या वाटेने कळलं. बाबांपुढे मी कामापुरती बोलत असे, आईपुढे काहीही. देवाला मोठ्याने ‘तू’ म्हणताना माझा धाक गेला, आदर मात्र वाढला.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सर्वनामाचं तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. प्रार्थनासभेत त्यांची पाळी आली की पदर डोक्यावर घेतात, म्हणतात, ‘प्रभू, तुला ठाऊकच आहे,’ आणि गप्प बसतात. कधी दोन मिनिटं, कधी जास्त. मग ‘आमेन’. मला पूर्वी वाटायचं, आजींना शब्द सुचत नसावेत. आता वाटतं, इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नसेल.

तुमच्या उत्तरांनंतर जुन्या करारातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय काढला. मी तुझ्याविषयी कानांनी ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहतो, असं तो देवाला म्हणतो. त्या क्षणी त्याची गुरंढोरं परत आलेली नसतात. त्यानंतर तो प्रार्थना करतो ती मित्रांसाठी, ‘तुझंच काही पाप असेल’ म्हणून ज्यांनी त्याला छळलं त्यांच्यासाठी.

वडिलांच्या आजारपणात ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं मला एका बाईंनी ऐकवलं होतं. माझ्या यादीत त्यांचं नाव कधीच नव्हतं. काल रात्री घेतलं.