मदत हवी आहे: पहिल्यांदाच जायचंय, नॅचरिस्ट (बिनकपड्यांचा) कॅम्प की न्यूड बीच?

हिरवी_मिरची
आम्ही दोघं, वय तिशीच्या आतबाहेर, मुक्काम म्युनिक. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गाडीने क्रोएशियाला, इस्त्रिया द्वीपकल्पात आठवडाभर जायचं घाटतंय. नवरा म्हणतो वर्सारच्या कोव्हर्साडासारखा गेट असलेला कॅम्प घेऊ. मला वाटतं नुसता एफकेके (बिनकपड्यांच्या जागेचं जर्मन लघुरूप) पाटी असलेला बीच बरा, नाही जमलं तर तासाभरात टॉवेल उचलून चालू पडता येईल. कपडे काढायलाच लागतात का? कोणी फोटो काढले तर? पाळी आली तर? जाणकारांनी सांगावं. "शी, काय हे" वाले प्रतिसाद नकोत, प्लीज.

खारा_वारा
नवऱ्याचं ऐका. कॅम्पच्या गेटवर पासपोर्ट बघून नोंद होते, आत आलेला प्रत्येक माणूस कोण हे रिसेप्शनला ठाऊक असतं. कोणी फोन रोखला तर तक्रार करायला माणूस आहे, आणि वागणं सुटलं की बाहेर काढतात. उघड्या बीचवर हे काम कोणाचंच नाही. बरं, कोव्हर्साडा १९६१ पासून चालू आहे. तिथे येणाऱ्यांत आजी-आजोबा आणि पोराबाळांची कुटुंबं भरपूर, नव्या माणसाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

नियम थोडक्यात: बसाल तिथे बुडाखाली स्वतःचा टॉवेल, मग ती कॅफेची खुर्ची असो नाहीतर बाक. कॅमेरा खोलीत. रात्रीच्या जेवणाला रेस्टॉरंटमध्ये कपडे घालूनच जातात. सप्टेंबरात संध्याकाळी 'बुरा' नावाचा तिथला थंड वारा सुटला की सगळेच जॅकेट चढवतात, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. पूल मात्र बहुतेक ठिकाणी बिनकपड्यांचाच.

चिंचेचं_पान
इथेच थोडा असहमत. "पूलमध्ये कॉश्च्युम चालणार नाही" हे पहिल्याच दिवशी ऐकून लाजाळू माणूस जास्त आक्रसतो. बीचवर सहसा सक्ती नसते. एफकेके पाटीच्या आत पूर्ण कपड्यांत बसलेला माणूस लोकांना खटकतो, कारण तो बघ्या वाटतो, पण पहिला तासभर कमरेला पंचा असला तर कोणी काही म्हणत नाही.

फक्त जागा नीट निवडा. पाण्याच्या कडेला, कुटुंबं बसलीत त्या बाजूला. मागच्या झाडीजवळ किंवा हद्दीच्या टोकाला बसू नका. बघे आणि भलत्या हेतूने आलेले लोक नेमके तिथेच घुटमळतात, आणि नवखे लोक "एकांत" म्हणून तीच जागा पकडतात. शेजारच्यापासून चार-पाच मीटर सोडा. कोणी येऊन चिकटलंच तर वाद न घालता उठून एखाद्या कुटुंबाच्या जवळ जा.

गोव्याचा_फेणी
एवढं लांब कशाला? गोवा आहे की :)

खारा_वारा
गोव्यात कायदेशीर न्यूड बीच एकही नाही. हिप्पींच्या काळातल्या हणजुणेच्या आठवणींवर जाऊ नका. पूर्वी भादंवि २९४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९६: तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२० मध्ये मिलिंद सोमणवर दक्षिण गोव्यात गुन्हा दाखल झाला तो किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाच्या एका फोटोवरून.

सनस्क्रीन_काकू
कॅम्प की बीच यापेक्षा आधी कातडीचं बघा. जन्मात ऊन न पाहिलेली जागा सावळ्या माणसाचीही भाजते, आणि पुढचे दोन दिवस बसता येत नाही. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम हे प्रमाण धरलं तर अख्ख्या अंगाला एका वेळी साधारण ३५ मिली लागतं. म्हणजे २०० मिलीची बाटली दोघांत जेमतेम तीन वेळा. एसपीएफ ५०, दर दोन तासांनी, आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. पहिल्या दिवशी ११ ते ४ सावलीत.

दुसरं, इस्त्रियाचा किनारा म्हणजे खडक, गोटे आणि काँक्रीटचे ओटे. वाळू विसरा. पाण्यातले रबरी बूट हवेतच, कारण खडकांच्या खाचांत समुद्री साळू (सी अर्चिन, काटेरी गोळ्यासारखे प्राणी) असतात. काटा आत मोडला की पिळून काढू नका, तो ठिसूळ असतो, अजून तुटतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून चिमट्याने अलगद काढायचा, खोल गेला असेल तर डॉक्टर. ओट्यावर टाकायला जाड चटई न्या, नुसत्या टॉवेलवर अर्ध्या तासात कंबर धरते.

पाळीचं: खालचा कपडा ठेवला तर कॅम्पमध्येही कोणी विचारत नाही. टॅम्पॉन वापरत असाल तर दोरा आत सरकवा, झालं.

हिरवी_मिरची
धन्यवाद सगळ्यांना! दोन शंका. कॅम्पचं आठवड्याचं बुकिंग करून पहिल्याच दिवशी नको वाटलं तर पैसे बुडणार. आणि म्युनिकचे निम्मे लोक इस्त्रियालाच जातात, ऑफिसातलं कोणी भेटलं तर?

खारा_वारा
आधी म्युनिकजवळच चाचणी घ्या. एर्डिंगच्या थर्ममधला (गरम पाण्याच्या स्नानगृहातला) सौना विभाग बिनकपड्यांचा आणि स्त्री-पुरुष एकत्र. तिथली रीत: शॉवर, अंग कोरडं, चपला बाहेर, मोठा टॉवेल असा पसरायचा की तळपायसुद्धा लाकडाला लागता कामा नयेत. पहिल्यांदा आठ-दहा मिनिटं पुरे, खालच्या पायरीवर बसा. आउफगुस (तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ काढणं) चालू असताना मध्येच दार उघडू नका, सगळे वळून बघतील, आणि नेमकं तेच तुम्हाला नकोय. उघड्यावर बघायचं तर फेरिंगाझे तळ्याच्या काठी एफकेके विभाग आहे. तिथे दुपार निभली तर कॅम्प निभेल.

पैशांचं: मुक्काम रोव्हिन्य किंवा पोरेच या इस्त्रियातल्या गावांत साध्या खोलीत करा आणि कॅम्पला ईमेल करून दिवसाचं तिकीट मिळतं का विचारा, बऱ्याच कॅम्पना ते असतं. एकट्या पुरुषांना काही ठिकाणी नकार मिळतो, जोडप्याला अडचण नाही.

चिंचेचं_पान
दिवसाचं तिकीट उत्तम, माझा विरोध मागे :) ऑफिसवाल्यांचं म्हणाल तर तारीख पुढे ढकला. बव्हेरियातल्या शाळांची सुट्टी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते, त्यानंतर गर्दी ओसरते आणि पाणीही अजून कोमट असतं. भेटलंच कोणी, तर "हॅलो" म्हणून चेहऱ्याकडे बघत बोलायचं. तेही तसेच उभे असणार.

आणि व्हिन्येट (महामार्गाचा पास) ऑस्ट्रिया व स्लोव्हेनिया दोन्हींचं काढा. टाउअर्न आणि काराव्हांकन बोगद्यांचा टोल त्यात धरलेला नाही.