मदत हवी आहे: मेणबत्तीतली ७८ टक्के ऊर्जा गेली कुठे?

फोंडेकर_टीचर
नववीच्या मुलींचा विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प आहे: जळत्या मेणबत्तीतली ऊर्जा रूपांतरे. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात १०० मिली पाणी, खाली साधी पांढरी मेणबत्ती. ९ मिनिटांत पाणी २९ वरून ४९ अंशांवर गेलं, मेण ०.९ ग्रॅम घटलं. पाण्याला मिळाले ८.४ किलोज्यूल, मेणातून सुटले सुमारे ३८ (ग्रॅमला ४२ धरून). म्हणजे जेमतेम २२ टक्के. परीक्षक बाकीच्याचं विचारणारच. शिवाय डब्याचा तळ काळा होतो आणि दर वेळी आकडा वेगळा येतो. पंखा बंद केला तर वर्गात बसवत नाही. काय बदलावं?

मांडवीकाठ
टीचर, २२ टक्के हा अगदी प्रामाणिक आकडा आहे. कोणी ८० टक्के दाखवले तर उलट त्याच्यावर शंका घ्या. ९ मिनिटांत ३८ किलोज्यूल म्हणजे सुमारे ७० वॅट, बारक्या ज्योतीच्या मानाने पुष्कळ. त्यातला सर्वात मोठा वाटा गरम वायू डब्याच्या कडेने वर घेऊन जातात. काही उष्णता प्रारणाने बाजूला जाते. ज्योतीशेजारी तळहात धरला की ती जाणवते. डबा तापायला पाव किलोज्यूल लागतो, तो हिशेबात धरा. प्रकाशाचा वाटा एक टक्क्यापेक्षाही कमी. ऊर्जा कुठे कुठे जाते ते बाणांनी दाखवणाऱ्या तक्त्यावर बहुतेक मुलं प्रकाशाचा बाण उष्णतेएवढाच जाड काढतात, तिथेच गुण जातात.

काजळीचं कारण अंतर. पिवळा भाग म्हणजे तापून चमकणारे कार्बनचे कण. ते जळून संपायच्या आत गार तळाला टेकले की तिथेच चिकटतात, आणि त्यांच्यातली रासायनिक ऊर्जा सुटतच नाही. ज्योतीचं टोक आणि तळ यांत १ ते २ सेंमी मोकळी जागा हवी. मेणबत्ती खाली जात राहते, म्हणून खाली लाकडी पट्ट्या सरकवून अंतर राखा.

समईवाला
आकडा बदलतो तो वाऱ्याने आणि काट्याने. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर ०.९ ग्रॅम मोजणं म्हणजे दहा टक्क्यांची चूक आधीच आली. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या. मेणबत्ती बशीसकट तोला, ओघळलेलं मेण 'जळालेलं' म्हणून मोजलं जाणार नाही. पंखा चालू राहू दे, पण भोवती पत्र्याचा आडोसा करा आणि खालच्या कडेला बोटभर रुंद भोकं ठेवा. भोकं नसली तर ज्योत गुदमरते, धूर वाढतो. वाचनापूर्वी पाणी ढवळायला विसरू नका, वरचा थर जास्त गरम असतो. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) जत्रेतल्या बारीक मेणबत्त्या नकोत, लवकर वाकतात.

जोडीला खोबरेल तेलाची पणती लावून तुलना करा. तेलाला ग्रॅममागे ३७ किलोज्यूल धरा.

फोंडेकर_टीचर
देव बरें करूं! एकच राहिलं: जळतं काय, मेण की वात? आणि आगकाडीचा बाण कुठे जोडायचा?

मांडवीकाठ
जळते ती मेणाची वाफ. ज्योत फुंकल्याबरोबर वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला वातीपासून २-३ सेंमीवर पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येते. परीक्षकांसमोर हेच करून दाखवा, पंखा मात्र तेवढ्यापुरता बंद. वातीचं टोक वाकून ज्योतीबाहेर आलं की तेही जळून जातं, म्हणून कातरावी लागत नाही. साधा सुती दोरा वापरला तर तो सरळ उभा राहून लांबतो आणि काजळी करतो.

आगकाडीचा बाण बारीक, फक्त सुरुवातीला. त्यानंतर ज्योतीचीच थोडी उष्णता खाली परतते, मेण वितळवते आणि वातीतून चढलेल्या मेणाची वाफ करते. हा परतीचा बाण गोल वळवून काढा. तो नसेल तर मेणबत्ती पेटती का राहते, ते तक्त्यावरून कळत नाही.