नागरिकशास्त्र तुमच्या शाळेत कसं शिकवलं गेलं?

दहावीच्या 40 गुणांच्या पेपरात इतिहासाला 28 आणि राज्यशास्त्राला 12. त्यामुळे हा विषय फेब्रुवारीत उरकायचा, अशीच त्याची ख्याती. शिकलेल्यांनी लिहा, शिकवणाऱ्यांनीही लिहा.

जुना विद्यार्थी, नगर
लोकसभेला वय 25, राज्यसभेला 30, राष्ट्रपतिपदाला 35. अजून तोंडपाठ आहे. एमपीएससीला उपयोग झाला, खोटं कशाला बोलू! बाकी पाटी कोरी.

हायस्कूल शिक्षिका, सांगली जिल्हा
निवडणूक ड्युटीला आम्ही सगळेच वैतागतो, पण केंद्राध्यक्ष झाल्यापासून माझा 'निवडणूक प्रक्रिया' हा धडा पुस्तकाबाहेर गेला. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचं मॉक पोल होतं, हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, त्या मतांचं काय करता?" मशीन क्लिअर करतो, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करतो. मग प्रदत्त मत. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटल्यावर तुम्हाला मशीनऐवजी मतपत्रिका मिळते. पण ती एरवी मोजत नाहीत, कोर्टानं सांगितलं तरच. यावर वर्ग पेटतो. "मग देताच कशाला?" यंदा मॉनिटरच्या निवडणुकीत एकानं खरंच प्रदत्त मत मागितलं. द्यावं लागलं.

निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा
2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला नववीची मुलं नेली होती. मतदार नाहीत, तेव्हा नुसती बसून ऐका म्हटलं. ग्रामसेवकांनी मागचं इतिवृत्त वाचलं, विषय निघाले. सरपंच बाई व्यासपीठावर, उत्तरं मात्र त्यांचे यजमान देत होते. एका मुलीनं शाळेच्या वाटेवर दिवा का नाही ते विचारलं, आणि पाठोपाठ, "सरपंच काकू आहेत ना, मग काका का बोलतायत?" सभेत हशा. दुसऱ्या दिवशी दोन पालक शाळेत हजर: पोरांना राजकारण शिकवू नका. विषयाचं नावच राज्यशास्त्र, आता काय सांगणार! पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी परवानगी दिली नाही.

लेस्टरहून एक आई
इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 2002 पासून माध्यमिकला हा विषय सक्तीचा आहे. तरी लेकीच्या शाळेत ज्या शिक्षकाचा तास रिकामा, त्याच्या गळ्यात! पण तिथूनच ती ऐकून आली की राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवाल्या रहिवाशांनाही इथे मत देता येतं. माझी मतदार नोंदणी तिनेच करून दिली.

शिक्षिका, सांगली (पुन्हा)
सातारचे सर, त्या दिव्याचं पुढे काय झालं?

निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा
लागला की. आचारसंहिता लागायच्या आदल्या आठवड्यात.