मदत हवी आहे: महालक्ष्म्यांआधी जुन्या घराची मोठी सफाई, माणसं कशी ठरवावी आणि फरशी ॲसिडपासून कशी वाचवावी?

नमस्कार मंडळी,

नागपुरात मानेवाड्याकडे आमचं जुनं बैठं घर आहे. समोरच्या दोन खोल्यांत मोझॅकची फरशी, स्वयंपाकघरात आणि मागच्या पडवीत कोटा. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, म्हणजे पोळा झाला की हातात जेमतेम आठवडा उरतो. जाळे काढणं, माळा, पंखे, एक्झॉस्ट, उन्हाळ्यापासून तसेच पडलेले कूलर ही जड कामं यंदा बाहेरच्या माणसांकडून करून घ्यायची आहेत. आईला दमा आहे, धूळ उडाली की तिचा दिवस जातो.

मागच्या दिवाळीला एका ओळखीच्या माणसानं पाठवलेली टोळी आली होती. बोअरच्या पाण्यानं बाथरूमला क्षार चढलेले. त्यांनी न विचारता ॲसिडची बाटली ओतली. ते पाणी उंबऱ्यावरून पडवीत आलं आणि कोट्यावर हातभर रुंद पांढरा पट्टा पडला. मी किती घासला, तेल लावून पाहिलं. ओला असला की दिसत नाही, वाळला की जसाच्या तसा. आई तर रात्रभर खोकत होती. असं परत व्हायला नको.

म्हणून विचारून राहिलो आहे. माणसं ॲपवरून बोलवावी की वस्तीतली? पैसे ठोक ठरवावे की तासावर? नळांवरचा पांढरा थर, एक्झॉस्टची चिकट आणि बाथरूमच्या सांध्यांतली काळी बुरशी, यांना ॲसिडशिवाय उपाय आहे का? यंदा ज्यांना विचारलं त्यातला एक जण तर म्हणाला, 'सेप्टिक टँकही करून देतो, पोरगा उतरेल आत.' मला ते ऐकूनच कसंतरी झालं, नाही म्हणून टाकलं.

अजून एक. आमच्या झाडू-पोछा आणि भांडे करणाऱ्या मावशी खूप वर्षांपासून आहेत. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखतात, त्यांना शिडीवर चढवणं मला पटत नाही. पण बाहेरची माणसं आली की आपलं काम गेलं असं त्यांना वाटेल का, ही काळजी आहे.

प्रतिसाद: धरमपेठकर

सेप्टिक टँकला नाही म्हणालात ते योग्यच केलं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवून ती साफ करून घेणं 2013 च्या कायद्यानं बंद आहे आणि आतल्या वायूनं क्षणात जीव जातो. त्याला उपसायची गाडीच बोलवायची, दुसरा मार्ग नाही.

माणसांचं म्हणाल तर मी दोन्ही पाहिले. ॲपवाले यंत्रं आणतात, वेळेत येतात, पण त्यांची यादी फ्लॅटच्या हिशेबानं असते. माळा, पडवी, कूलर म्हटलं की 'त्यात येत नाही' म्हणतात. जुन्या घराला वस्तीतली माणसं बरी, पण अट एकच: आधी घर दाखवा, मगच भाव बोला. फोनवर 'तीन खोल्या' सांगून ठरवलेला भाव दारात आल्यावर बदलतोच. तासावर ठरवू नका, काम लांबतं. खोलीवार काय-काय करायचं ते कागदावर लिहा, अर्धे पैसे काम पाहून द्या. सामान तुमचंच ठेवा. बाटली तुमची असली की ॲसिडचा प्रश्नच येत नाही. ओळखपत्र बघून फोटो काढून ठेवा, आणि सोबत शाळेचं पोरगं आणलं तर सरळ परत पाठवा.

प्रतिसाद: केमिस्ट्रीवाली

दादा, तो पट्टा घासून जाणार नाही. कोटा हा चुनखडीचा दगड आहे. मोझॅकमध्येही संगमरवराच्या चिपा आणि सिमेंट असतं. ॲसिड त्यांना खातं, म्हणजे डाग पडलेला नसतो, वरचा गुळगुळीत थरच गेलेला असतो. पॉलिशवाल्याकडून तेवढा भाग घासून पॉलिश करून घ्या. लिंबू आणि व्हिनेगरही या दोन्ही फरश्यांवर नको. साधं पाणी आणि सौम्य साबण पुरे.

नळांना लिंबूसत्व वापरा. पेलाभर पाण्यात चमचाभर विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांनी काढून धुवा. खाली कोटा असेल तर जुना टॉवेल अंथरा, थेंब पडायला नको. एक्झॉस्टची पाती गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि भांड्याचा साबण यांत भिजवा, मात्र ॲल्युमिनियमची असतील तर सोडा घालू नका, काळी पडतात.

बुरशीसाठी लोक ब्लीच घेतात. ते चालतं, पण ज्या दिवशी ब्लीच त्या दिवशी संडासाचं ॲसिडचं क्लीनर बाहेरही काढू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. दम्याच्या माणसाला तर तो फारच वाईट. त्या दिवशी काकूंना शेजारी किंवा बहिणीकडे पाठवा, खिडक्या उघड्या ठेवा. आणि आधी पाणी कुठून झिरपतं ते पाहा, नाही तर श्रावणात पुन्हा येईल.

कूलर पत्र्याचा असेल तर त्यालाही लिंबूसत्व नको, जस्ताचा थर जातो. टाकी वाळू द्या, क्षार खरडून काढा, कडा ब्रशनं चांगल्या घासा. डेंग्यूच्या डासांची अंडी कडेलाच चिकटलेली असतात, नुसतं पाणी फेकून जात नाहीत.

प्रतिसाद: मनीषनगरची सून

मावशींना आधीच सांगा, त्या दिवशी सोबत बसवा. काम कोण कसं करून राहिलं ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्या दिवसाचे पैसे वेगळे द्या. आणि त्यांची घरेलू कामगार म्हणून नोंदणी झाली का ते विचारा. 2008 च्या कायद्यानं महाराष्ट्रात त्यांच्यासाठी कल्याण मंडळ आहे, 18 ते 60 वयापर्यंत नोंदणी होते. कामगार कार्यालयात चौकशी करा, साठी ओलांडायच्या आत करून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ॲसिड घरातून काढून टाकलं. लिंबूसत्व आणून एका नळावर करून पाहिलं, टॉवेल अंथरूनच. थर फडक्यासोबत निघाला.

मावशींशी बोललो. त्या म्हणाल्या, 'म्या उभी राह्यते ना, त्यायले कोठी काय लावाचं नाही ते म्या सांगतो.' नोंदणी झालेली नाही, कागदपत्रं काढायला सांगितली आहेत, सोबत मीच जाणार आहे.

आता दोन गोष्टी राहिल्या. मानेवाडा, बेसा किंवा अयोध्यानगरकडे घर पाहून भाव सांगणारी विश्वासाची माणसं, आणि कोट्याचा छोटा तुकडा पॉलिश करायला येणारा कारागीर. बहुतेक जण एवढ्या लहान कामाला यायला तयार नाहीत. कोणी माहीत असेल तर नंबर इथे उघड न टाकता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.