बाळंतपणानंतरचे ४२ दिवस: तुमच्या दारात कोण आलं होतं? (अनुभव धागा)

आपल्याकडे सव्वा महिना म्हणतात, सरकारी कागदावर ४२ दिवस असतात. हिशेब जवळपास एकच. आज्यांनी तो शेक-शेगडीने आणि अळिवाच्या खिरीने मोजला, आरोग्य खात्याने भेटींच्या तक्त्याने.

हा धागा काढायचं कारण सांगते. बाळंतपण दवाखान्यात व्हावं यासाठी गेल्या वीस वर्षांत खूप काही झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. २०१८-२० च्या नोंदणीत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचं प्रमाण ३३ होतं, आपल्याहून कमी फक्त केरळात. हे सगळं खरं आहे. पण डिस्चार्ज मिळाला, रिक्षा दारात थांबली, आई आणि बाळ घरात गेली, त्यानंतर काय?

माझंच सांगते. २०१६ मध्ये पहिलं बाळंतपण माहेरी, सोलापूर जिल्ह्यातल्या गावात. आशाताई आठव्या दिवशी आल्या, गरोदरपणाचं नोंदींचं कार्ड मागितलं. कार्ड पुण्यात राहिलेलं. त्यांनी बाळ बघितलं, "नाव आमच्या यादीत नाही हो" म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या. पुन्हा कोणी आलं नाही. दुसऱ्या खेपेला पुण्यातच होते, तेव्हा तर कोणीच नाही.

तुमच्याकडे कोण आलं होतं? नर्स, आशा, सासू, शेजारीण, कोणीही चालेल. सल्ले नकोत, अनुभव लिहा. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं घालू नका.

आशा कार्यकर्ती, मोखाडा तालुका

ताई, तुमच्याकडे आलेल्या बाईची बाजू मी सांगते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आम्ही सहा भेटी देतो. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. सगळ्या भेटी झाल्या, फॉर्म भरला, वर सही झाली की २५० रुपये. एका भेटीला किती पडले ते तुम्हीच बघा. माझे तीन पाडे आहेत. एका पाड्यावर जायला ओहोळ ओलांडावा लागतो. पावसात मोठा फेरा, दीड तास.

पण कामाचं सांगते. गेल्या वर्षी जानेवारीत एक बाळ होतं, दवाखान्यातून दोन किलो शंभर ग्रॅम लिहून आलेलं. सातव्या दिवशी झोळीच्या काट्यात टाकलं तर एक किलो नऊशे. आजी म्हणे, बाळ शहाणं आहे, अजिबात रडत नाही. हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. न रडणारं बाळ शहाणं नसतं, थकलेलं असतं. पाय गार होते. कुडाच्या भिंतीतून वारा येत होता आणि बाळाला आंघोळ घालून नुसत्या फडक्यात ठेवलेलं. श्वास मोजले, मिनिटाला पन्नासच्या आसपास. साठच्या वर असते तर तिथूनच गाडी बोलावली असती. आईच्या चोळीत उघडं बाळ घातलं, वरून शाल, डोक्याला टोपी. तासाभराने पाय कोमट झाले आणि त्याने अंगावर तोंड लावलं. मग मी रोज गेले, नऊ दिवस. त्या जास्तीच्या भेटींचे वेगळे पैसे नाहीत.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही संपावर गेलो तेव्हा लोक म्हणाले, आयाबायांना वाऱ्यावर सोडलं. संपातही मी दोन घरी गेले होते. फॉर्म भरला नाही, एवढंच.

पुणे, संगणक क्षेत्रात नोकरी

माझ्या दारात मालीशवाल्या मावशी आल्या.

खासगी दवाखाना, एसी खोली, जाताना पुष्पगुच्छ. दहाव्या दिवशी टाके दाखवायला गेले, "छान आहे सगळं", पुढची तारीख थेट दीड महिन्याची. मी मात्र रोज दुपारी चार वाजता रडत होते. कारण काही नाही. बाळाकडे बघितलं की आपल्याकडून हे होणार नाही असं वाटायचं. आई म्हणायची, दृष्ट काढू. नवरा म्हणायचा, झोप कमी आहे.

तेराव्या की चौदाव्या दिवशी मावशी तेल लावता लावता थांबल्या. म्हणाल्या, "बाई, शंभर बाळंतिणी बघितल्यात मी. एवढं रडणं बाळंतपणाचं नाही. डाक्टरला दाखवा, पण टाक्यांच्या नको, डोक्याच्या." मला तोपर्यंत हे एकाही शिकलेल्या माणसाने विचारलं नव्हतं. उपचार चार महिने चालले. आता बरी आहे.

मला कामावरून २६ आठवड्यांची भरपगारी रजा होती, २०१७ च्या दुरुस्तीमुळे मिळाली ती. त्याच मावशींची सून विसाव्या दिवशी भांडीधुण्याला परतली होती, हे मला नंतर कळलं. ती चार घरी काम करते. चार मालकिणी असल्या तरी कायद्याच्या भाषेत तिची 'आस्थापना' एकही नाही, म्हणून अशी रजाही नाही. त्या चार मालकिणींतली एक माझी वहिनी आहे, हेही लिहिते, लपवून काय करू.

न्यू जर्सी

माझं बाळंतपण इथे नाही, अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यात झालं होतं. संघराज्याचा १९९३ चा कायदा बारा आठवडे नोकरी राखतो, पगार देत नाही. मी सहाव्या आठवड्यात कामावर. दारात कोण आलं म्हणाल तर पार्सलवाला.

आरोग्यसेविका, सांगली जिल्हा

ऊसतोडीच्या टोळ्यांचं कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

दिवाळीच्या सुमारास बीड, जालन्याकडून टोळ्या येतात, उन्हाळा लागेपर्यंत असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती दोघांच्या नावावर. बाई बसली तर अर्धा कोयता, वर खाड्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे नववा महिना लागला तरी मोळी डोक्यावर असते आणि बाळंतपणानंतर पंधराव्या-विसाव्या दिवशी पुन्हा फडात. बाळ बांधावर साडीच्या झोळीत.

आता कागदाची गंमत बघा. आशा गावाच्या लोकसंख्येवर नेमलेली, साधारण हजाराला एक. कोप्यांतली, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपड्यांतली, माणसं त्या हजारात नाहीत. ती बीडमधल्या ज्या गावच्या यादीत आहेत, तिथली आशा घराला कुलूप बघून 'स्थलांतरित' लिहिते. दोघींनी आपापलं काम नियमाने केलेलं असतं आणि बाळाला कोणीच बघितलेलं नसतं.

मी दुपारी जाणं सोडलं, कारण कोपीवर म्हातारी आणि कुत्रं यांच्याशिवाय कोणी नसतं. संध्याकाळी सातनंतर जाते, चुली पेटल्या की. एकदा एक बाळंतीण भेटली, सोळावा दिवस, अंग तापलेलं, स्राव घाण वासाचा. विचारलं, कधीपासून? म्हणाली, "चार दिस झाले, पण टायर भरायचा राहिला होता." टायर म्हणजे उसाची गाडी. तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं तर तिथे कार्ड मागितलं. कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत. गरोदरपणातलं हिमोग्लोबिन किती होतं, गोळ्या किती गेल्या, काही कळायला मार्ग नाही. तपासलं तेव्हा सात पॉइंट काही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून औषध, रक्त, जेवण, गाडी सगळं फुकट आहे, आणि तिला ते मिळालंही. फक्त तिथवर पोचायला सोळा दिवस लागले.

बाळाला जन्मल्यावरची बीसीजी दिली होती का, हे मी दंडावरचा व्रण बघून ठरवते. तान्ह्या बाळाला तोही आलेला नसतो.

मुंबई, आता वय ६१

माझ्या बाबतीत उलटं झालं, मीच दुसऱ्याच्या बाळाकडे गेले. १९९२ मध्ये शीवच्या रुग्णालयात मुलगी झाली. तिथे १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदूध पेढी सुरू केली होती, आशियातली पहिली. मला दूध इतकं यायचं की पदर भिजायचा. सिस्टरने विचारलं, देणार का? सासूबाईंना वाटलं, मुलीचं कमी होईल. झालं नाही. घरी आल्यावरही मी चार-पाचदा जाऊन दिलं. काचेच्या पल्याड मुठीएवढी बाळं असायची, त्यातलं कुणी प्यायलं, कोण जाणे. आता तीही तिशी ओलांडलेली असतील.

वडील, मराठवाडा

बापाने लिहिलं तर चालेल ना? आमचं बाळ सातव्या महिन्यात झालं, १३८० ग्रॅम. जिल्ह्याच्या नवजात कक्षात २६ दिवस. बायकोचं सिझेरियन झालेलं, तिला उठता येईना. सिस्टर म्हणाल्या, बाळाला छातीशी धरून बसायला माणूस पाहिजे, कांगारूसारखं. मी म्हटलं, मी बसतो. तिथल्या सुरक्षारक्षकाने दारातच अडवलं: "पुरुष मना आहे." सिस्टर भांडली त्याच्याशी. शर्टाची बटणं काढून मी खुर्चीत बसायचो, सकाळी तीन तास, रात्री चार तास. सगळ्या आया पदर सावरून बसायच्या, त्यांचंही बरोबर होतं. मग एका कोपऱ्याला चादर बांधली.

घरी आल्यावर आशाताई आल्या तेव्हाही आईला विचारायच्या, "बाळाला कोण धरतं?" आई लाजून म्हणायची, "ह्यो." फॉर्मात फक्त 'माता' असं लिहिलंय. ताईंनी बाजूला पेनाने 'वडील' लिहिलं.

आइंडहोवन, नेदरलँड्स

इथे दारात येणाऱ्या बाईला कायद्याचा पाया आहे. क्रामझोर्ग म्हणतात. बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते, विम्यातून. तासामागे थोडी रक्कम आपली. मला तर बाळ झाल्यावर काही तासांतच घरी पाठवलं, मी घाबरून गेले होते. पण ही बाई आधीच दारात हजर. पलंगाला खाली ठोकळे लावून तो उंच करायला लावतात, कारण वाकून वाकून तिची पाठ जाऊ नये. ताप, टाके, गर्भाशय किती खाली उतरलं, बाळाचं वजन, दूध नीट घेतोय का, सगळं एका वहीत. शिवाय कपडे धुणं, आलेल्यांना कॉफी देणं आणि जास्त बसले तर त्यांना गोड बोलून घालवणं. या शेवटच्या कामासाठी मी तिला घरी नेली असती, साताऱ्याला.

बाळ बघायला येणाऱ्यांना इथे टोस्टवर लोणी लावून त्यावर बडीशेपेसारख्या दाण्यांच्या साखरगोळ्या देतात. सासूबाईंनी बॅगेतून बाळंतशोपा आणल्या होत्या. त्या आणि ही बाई, दोघी एकमेकींचे दाणे चावून बघत बसल्या, भाषा एकीचीही दुसरीला येत नाही.

नवव्या दिवशी ती गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. हेही खरं.

निवृत्त आरोग्यसेविका, अमरावती

धागा काढणाऱ्या ताईंना उत्तर. तुमचं जे झालं ते आमच्या खात्यातलं सगळ्यात जुनं दुखणं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत, आणि यादी सासरची. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की बाई यादीतून गायब, तीन महिन्यांच्या बाळासह परत उगवते. सासरची आशा म्हणते, माझ्याकडे प्रसूती नाही. माहेरची म्हणते, माझ्याकडे नोंद नाही. मातृवंदना योजनेचे पैसेही आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, यात अडकलेले मी किती बघितले.

घरी जाऊन बाळ बघायची ही पद्धत दिल्लीतून खाली आली असं पुष्कळांना वाटतं. ती गडचिरोलीची आहे. 'सर्च' संस्थेत राणी आणि अभय बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, २०११ मध्ये देशभर आशांकडे गेलं. पण तिथली आरोग्यदूत बाई तेवढंच काम मुख्य म्हणून करायची. आज आशेकडे क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षण आणि मोबाइलमध्ये माहिती भरणं, सगळं आहे.

भाऊ, विदर्भ

लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं.

माझी बहीण गेली. सरकारी दवाखान्यात नीट बाळंतपण झालं, मुलगा झाला, तिसऱ्या दिवशी घरी. सहाव्या दिवशी डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतंय म्हणाली. आईने मीठ-मिरच्या ओवाळल्या. मी मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणली. मीच आणली. रात्री झटके आले. गाडी आली, पण बहीण वाटेतच गेली. नंतर सांगितलं, रक्तदाब वाढला होता, बाळंतपणानंतरही वाढतो. आम्हाला वाटायचं, बाळ झालं की धोका संपला.

सहाव्या दिवसापर्यंत दारात कोणी आलं नव्हतं. आशाताईंची स्वतःची मुलगी आजारी होती, त्यांना दोष देत नाही. पण तिसऱ्या आठवड्यात जीप आली, चार माणसं, फॉर्म घेऊन. ४२ दिवसांच्या आत गेली म्हणून मातामृत्यूत धरतात, चौकशी करावी लागते. चांगली माणसं होती. दोन तास विचारत होते. एकाने विचारलं, डिस्चार्जनंतर बीपी कोणी मोजलं होतं का?

भाचा आता चार वर्षांचा आहे.

आशा कार्यकर्ती, मोखाडा तालुका

दादा, तुमचं वाचून मी माझी पिशवी काढून बघितली. झोळीचा काटा, थर्मामीटर, श्वास मोजायचं घड्याळ, ब्लँकेट, कापूस. सगळं बाळाचं. बीपीचं यंत्र नाही. आईला विचारायचे प्रश्न फॉर्मात आहेत, रक्तस्राव, ताप, झटके, डोकेदुखी, पण ते बाळाचं वजन झाल्यावर, उठता उठता विचारले जातात. मीही तसंच करते.

उपकेंद्रात एक यंत्र आहे, सिस्टरकडे. उद्या एका बाळंतिणीचा सातवा दिवस आहे, पलीकडच्या पाड्यावर. सकाळी आधी उपकेंद्रात जाऊन ते मागते. दिलं तर बरं, नाही तर तिलाच खाली घेऊन येते.